कोरमंगलासाठी कोणती गाडी: आईची बोअर केलेली स्कूटी की कंपनीची १२५?

तुम्ही नोकरीसाठी बेंगळुरूला आला असाल किंवा तुमच्या घरातलं कुणी इथे राहत असेल, तर पहिल्याच महिन्यात एक प्रश्न येतो. गाडीचं काय करायचं? रोज रिक्षा परवडत नाही. मेट्रो ऑगस्ट २०२५ पासून सिल्क बोर्डला पोहोचली आहे, पण कोरमंगलाच्या ब्लॉकांमधून ती जात नाही. बसस्टॉपवर उभं राहावं तर बस येते, पण ती तुमच्यासमोरच्याच ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकलेली दिसते. शेवटी सगळे स्कूटरवर येतात. आमच्या पीजीच्या तळघरात एकदा डोकावून बघा, माणसांपेक्षा स्कूटर जास्त आहेत.

मग गावाकडची जुनी गाडी आणायची की इथे नवी घ्यायची? माझ्यापुढे हा प्रश्न थोड्या वेगळ्या रूपात आला. कारण आमच्या घरची जुनी गाडी आता पहिल्यासारखी राहिली नव्हती.

आईची स्कूटी

आमचं घर कोल्हापुरात, राजारामपुरीत. आईने २०१३ मध्ये स्कूटी पेप प्लस घेतली. ८७.८ सीसीची, वजनाने पंचाण्णव किलोच्या आसपास, स्टँडवर लावायला अगदी सोपी. आई बालवाडीत शिकवते. त्या गाडीवर तिने आम्हा दोघांना शाळेत सोडलं, गॅसची टाकी आणली, गौरीच्या सणाला पायापाशी फुलांची परडी ठेवून ती बाजारातून घरी आली. मी गाडी शिकले तीही हिच्यावरच.

माझा धाकटा भाऊ मेकॅनिकल डिप्लोमाला होता. कोल्हापूरचं उद्यमनगर तुम्हाला माहीत असेल. ओतकाम, लेथ, सुटे भाग, तिथे काहीही बनवून मिळतं. भावाने सुट्टीत स्कूटी तिथे नेली. नवी स्लीव्ह बसवून ५१ मिलिमीटरचा बोअर ५५ चा केला, मोठा पिस्टन टाकला, व्हेरिएटरमधले रोलर हलके केले, कार्बोरेटरचा जेट बदलला आणि वर एक उघडा एअर फिल्टर लावला. संध्याकाळी दारात गाडी उभी करून म्हणाला, "ताई, आता पळती बघ कशी! लई भारी झालीय."

आणि खरंच पळत होती. पूर्वी काटा पन्नाशीला टेकला की गाडी थरथरायची. आता ती सत्तरीकडे झेपावत होती. आई मात्र एकदा चालवून उतरली आणि म्हणाली, "माझी गाडी अशी नव्हती रे." मग तिने ती फारशी चालवली नाही. गाडी अंगणातच उभी राहायला लागली.

म्हणून मला कोरमंगलात नोकरी लागल्यावर घरात सोपं उत्तर निघालं. स्कूटी घेऊन जा. नव्या गाडीचा लाखभर रुपये खर्च वाचेल. पगार नुकताच सुरू झाला होता, मलाही ते पटलं. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने ती पार्सलमध्ये आली. टाकी रिकामी करून, गोणपाटात गुंडाळून, आरसी बुकाची झेरॉक्स जोडून. बेंगळुरूच्या स्टेशनवर तिचं गोणपाट सोडताना मला घरचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

आधी कोरमंगला समजून घ्या

गाडी निवडायची तर ती कुठे चालणार हे आधी बघायला हवं. कोरमंगला म्हणजे एक ते आठ असे ब्लॉक. नकाशावर ते नीट क्रमाने येतील अशी अपेक्षा ठेवू नका. तिसऱ्या ब्लॉकात मोठमोठे बंगले आणि दाट सावलीचे शांत रस्ते. पाचव्या ब्लॉकात ज्योती निवास कॉलेजच्या रस्त्यावर खाण्याची दुकानं, मोमो, डोसे, कपड्यांची गर्दी. होसूर रोडच्या बाजूला २००४ मध्ये सुरू झालेला फोरम मॉल आहे. आता त्याचं नाव नेक्सस झालं आहे, पण रिक्षावाल्याला अजूनही फोरम म्हटलेलंच कळतं. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेली घरं नॅशनल गेम्स व्हिलेज नावाने आजही भरलेली आहेत. २००७ मध्ये याच भागातल्या एका फ्लॅटमध्ये फ्लिपकार्ट सुरू झालं. तेव्हापासून इथल्या गल्ल्यांत स्टार्टअपच्या पाट्या आणि डिलिव्हरीच्या पिशव्या दोन्ही वाढल्या आहेत.

स्कूटरवाल्यासाठी मात्र कोरमंगला तीन प्रकारचं आहे.

पहिलं म्हणजे आतल्या गल्ल्या. दर पन्नास पावलांवर हंप, दोन्ही बाजूंना उभ्या कार, मधून येणारी कुत्री आणि डिलिव्हरीवाले. इथे वेग वीस-पंचवीसच्या वर जात नाही.

दुसरं म्हणजे मोठे रस्ते. ८० फूट रोड, १०० फूट रोड आणि ते जिथे भेटतात तो सोनी वर्ल्डचा चौक. एका शोरूमच्या नावावरून चौकाला हे नाव पडलं. या चौकावरून जाणाऱ्या एजिपुरा ते केंद्रीय सदन या सुमारे अडीच किलोमीटरच्या उड्डाणपुलाचं काम २०१७ मध्ये सुरू झालं. मध्ये कंत्राट रद्द झालं, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. एवढी वर्षं खांबांखालून, पत्र्यांच्या कडेने, खडी आणि धुळीवरून लोक गाड्या चालवत आले आहेत. त्या बारीक खडीवर चाक कसं सरकतं, हे एकदा अनुभवल्याशिवाय कळत नाही.

तिसरं म्हणजे एजिपुराहून डोमलूरकडे जाणारा इनर रिंग रोड. दोन्ही बाजूंना लष्कराची जागा, झाडं, दुकानं नाहीत, वस्ती नाही. गल्ल्यांत कोंडलेला माणूस इथे आला की आपोआप मूठ पिळतो. हा रस्ता लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

पहिले पंधरा दिवस

छोट्या गाडीची बाजू मी मनापासून मांडते, कारण ती खरी आहे. पीजीच्या तळघरात दोन गाड्यांच्या मध्ये एक हात जागा असली तरी स्कूटी बसते. हलकी म्हणून मागचं चाक उचलून फिरवता येते. ट्रॅफिकमध्ये बसच्या आणि दुभाजकाच्या मधून ती अलगद निघते. हलक्या रोलरमुळे सिग्नल सुटला की ती पहिल्यांदा पुढे. सकाळी दर्शिनीत उभ्याने इडली-वडा आणि फिल्टर कॉफी घेऊन मी ऑफिसला दहा मिनिटांत पोहोचायचे. भावाला रोज मेसेज करायचे, "तुझी गाडी जिंकली."

कुरकुरी मात्र हळूहळू सुरू झाल्या. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरवर आहे. वर गेलं की हवा विरळ होते आणि इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्का घटते. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल-हवेचं प्रमाण स्वतःच जुळवून घेतात. कार्बोरेटरला ते जमत नाही. भावाने जेट बसवला होता कोल्हापूरच्या हवेत. इथे प्लग काळा पडायला लागला. अ‍ॅव्हरेज घसरलं. लांब सिग्नलवर इंजिन इतकं तापायचं की सीटखालून ऊब लागायची. बोअर वाढला होता, पण इंजिन गार करणारा पंखा पूर्वीचाच होता.

मग पाऊस आला. चौथ्या ब्लॉकाला लागून एस.टी. बेड लेआउट आहे. एस.टी. म्हणजे आपली लाल गाडी नव्हे, श्रीनिवागिलु टँक. म्हणजे तलावाच्या तळावर वसलेली वस्ती. पाणी आपली जुनी जागा विसरत नाही. मोठी सर आली की तिथे गुडघाभर साचतं. त्या संध्याकाळी मैत्रिणीला सोडून येताना उघड्या एअर फिल्टरने पाणी ओढलं आणि गाडी बंद पडली. कंपनीचा फिल्टर बंद डब्यात असतो, तो काही उगीच नाही. पाणी जर सिलिंडरपर्यंत गेलं तर पिस्टन पाणी दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. माझं नशीब, तेवढं झालं नाही. पण पाण्यातून गाडी ढकलत पीजीपर्यंत आले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते.

तरीही मी निर्णय बदलला नव्हता. गाडी बंद पडणं ही गैरसोय आहे, एवढंच मी म्हणत होते.

एजिपुराचा सिग्नल

पुढच्या आठवड्यात डोमलूरहून परत येत होते. वर सांगितलेला तो मोकळा रस्ता, संध्याकाळची गार हवा. काटा पासष्टच्या पुढे होता आणि मला बरं वाटत होतं. एजिपुराच्या सिग्नलच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो. पुढची रिक्षा एकदम थांबली. मी दोन्ही ब्रेक दाबले.

मागचं चाक लॉक झालं आणि खडीवरून आडवं सरकलं. पुढचा ब्रेक दाबत होते, पण गाडी थांबतच नव्हती. मी रिक्षाच्या बाजूने घसरत पुढे गेले. तिथून एक शाळकरी मुलगा रस्ता ओलांडत होता. गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक त्याच्या दप्तराला टेकलं होतं. तो पडला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, दप्तर सरळ केलं आणि पळत गेला. मागून कुणीतरी कन्नडमध्ये ओरडलं. मला शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला.

माझा गुडघा खरचटला होता. तो आठवड्यात बरा झाला. पण त्या दप्तराची निळी पट्टी मला अजून दिसते.

गडबड कुठे झाली?

त्या रात्री मी पहिल्यांदा शांतपणे हिशेब केला. तुम्हीही करून बघा, फार अवघड नाही.

५१ मिमीचा बोअर आणि ४३ मिमीचा स्ट्रोक म्हणजे ८७.८ सीसी. बोअर ५५ केला की १०२ सीसी. वाढ साधारण सोळा टक्के. आकडा छोटा वाटतो. पण गाडीचा वेग पन्नासवरून सत्तरवर गेला, तर तिला थांबवण्यासाठी जी ऊर्जा ब्रेकना खायची असते ती जवळपास दुप्पट होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. पन्नासचा वर्ग अडीच हजार, सत्तरचा चार हजार नऊशे.

आता बघा, आमच्या स्कूटीत काय वाढलं होतं? सिलिंडर, पिस्टन, पिकअप. आणि काय वाढलं नव्हतं? पुढे-मागे तेच ११० मिलिमीटरचे ड्रम ब्रेक, तीच दहा इंची बारीक चाकं, तेच शॉकअप, तीच चेसी. गाडी पळायला शिकली होती, थांबायला नाही.

कंपनी गाडी बनवते तेव्हा ही सगळी अंगं एकमेकांना जोखून ठरवते. विकायच्या आधी नमुना मान्यताप्राप्त संस्थेत तपासला जातो. पुण्याची एआरएआय ही त्यातलीच एक. तिथे ब्रेक, धूर, आवाज, दिवे सगळं तपासलं जातं. लेथवरचा मिस्त्री कितीही हुशार असला, आणि आमचे मिस्त्री हुशारच असतात, तरी तो एकच अंग बदलतो. बाकीची अंगं त्याच्याकडे आलेलीच नसतात.

आणखी एक गोष्ट. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस आणि त्यावरच्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झालं. सीबीएस म्हणजे डावा ब्रेक दाबला की पुढच्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. एबीएस म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. २०१३ च्या स्कूटीत यातलं काहीच नव्हतं. पन्नासच्या वेगाला ते चालून गेलं होतं.

कागदपत्रांची गोष्ट

मी हा भाग टाळणार होते, पण कोरमंगलात राहून टाळता येत नाही. बेंगळुरूत जागोजागी दिसणारी केए-०१ ही नंबरप्लेट कोरमंगलाच्याच आरटीओची. ते कार्यालय इथल्या बीडीए कॉम्प्लेक्समध्ये आहे.

परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. आधी आपल्या गावच्या आरटीओकडून ना हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८. मग इथे फॉर्म २७, कर्नाटकचा रोड टॅक्स आणि गाडीची तपासणी. म्हणजे एमएच-०९ ची माझी गाडी वर्षभरात तपासणीला उभी करावीच लागणार होती.

आणि त्याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेली गाडीची माहिती आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा सगळ्याच बदलांच्या विरोधात नाही. अपंग व्यक्तीसाठी बाजूला चाकं लावून घेता येतात, मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवता येतं, पण परवानगी घेऊन आणि आरसीवर नोंद करून.

तुम्ही म्हणाल, बोअर बाहेरून कुणाला दिसतो? खरं आहे, दिसत नाही. पण अपघात झाला आणि विम्याच्या माणसाने इंजिन उघडलं तर दिसतो. न कळवलेल्या बदलामुळे विमा कंपनी दावा नाकारू शकते. त्या मुलाला लागलं असतं तर मी त्याच्या आईबाबांसमोर कोणता कागद घेऊन उभी राहिले असते? हा विचार आला आणि मग मला झोप लागली नाही.

मोठी गाडी, तीन दिवस

माझी रूममेट नागपूरची. तिच्याकडे साधी, कंपनीतून आली तशी १२५ सीसीची स्कूटर आहे. ती गावी गेली तेव्हा तीन दिवस गाडी मला दिली. मी मुद्दाम तिन्ही प्रकारच्या रस्त्यांवर ती चालवली.

गल्ल्यांत ती मला आवडली नाही. या वर्गातल्या गाड्या साधारण १०५ ते ११८ किलोच्या असतात. तळघरातून उलटी काढताना घाम फुटला. एका फटीत स्कूटी गेली असती, तिथे मी बसच्या मागे उभी राहिले. हे तोटे मोजूनच घ्या. विशेषतः तुमची उंची कमी असेल किंवा गाडी घरात आई-आजीही चालवणार असतील तर शोरूममध्ये नुसतं बसून बघू नका. स्टँडवर लावून, काढून, उलटी ढकलून बघा.

मोठ्या रस्त्यावर मात्र चित्र बदललं. पुढचं चाक बारा इंची, त्यामुळे खड्ड्यात ते पडत नाही, वरून जातं. पुढे डिस्क ब्रेक. सोनी वर्ल्डच्या खडीवर मी मुद्दाम हळू वेगात ब्रेक दाबून पाहिला. गाडी सरळ थांबली.

आणि इनर रिंग रोडवर मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं. वेग पंचावन्न होता, पण इंजिन शांत होतं. स्कूटी त्याच वेगाला ओरडायची, म्हणून मला वाटायचं मी फार वेगात आहे आणि फार मजा येतेय. इथे तसलं काही नव्हतं. गाडीकडे अजून ताकद शिल्लक होती आणि ती वापरायची मला गरज नव्हती. मागे मैत्रीण बसली तरी फरक पडला नाही. डबलसीट घेऊन एजिपुराच्या सिग्नलला आले, ब्रेक दाबला, थांबले. तिथे रस्ता ओलांडणारी माणसं नेहमीसारखी जात होती.

१२५ च्याही वरच्या, दीडशे सीसीच्या स्कूटर मी बघितल्या. एबीएस आहे, मोठी चाकं आहेत, दिसायलाही देखण्या. पण त्यांचं वजन आणि किंमत दोन्ही वर. माझा दिवस पंचवीस किलोमीटरचा, त्यातला चार किलोमीटर मोकळा. तेवढ्यासाठी मला त्या नको होत्या. तुम्ही रोज होसूर रोडने इलेक्ट्रॉनिक सिटीकडे जात असाल तर तुमचं उत्तर वेगळं असू शकेल.

तुम्ही ठरवताना

मला जे उशिरा सुचलं ते तुम्हाला आधी सांगते.

रोजचा रस्ता कागदावर काढा. किती गल्ल्या, किती मोठा रस्ता, किती वेळा डबलसीट? गाडी त्या कागदाला शोभेल अशी घ्या, यूट्यूबवरच्या व्हिडिओला शोभेल अशी नको.

रस्ता फक्त गल्ल्यांचा असेल तर छोटी गाडीच घ्या, पण आहे तशी. ती कमी पळते म्हणून तिला वाढवू नका. ती कमी पळते कारण तिचे ब्रेक, चाकं आणि वजन त्याच वेगासाठी आहेत.

छोटी गाडी कमी पडत असेल तर तिच्या इंजिनावर खर्च करण्याआधी चांगले टायर, नवे ब्रेक शू, नवा बेल्ट आणि झिजलेले रोलर कंपनीच्याच मापाचे टाका. अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. तरीही कमी पडली तर मोठी घ्या.

पैशाचा हिशेब पूर्ण करा. गाडी वाढवणं स्वस्त दिसतं, पण जास्त पेट्रोल, पुन्हा पुन्हा गॅरेज, न मिळणारा विमा आणि विकताना पडलेली किंमत त्यात धरा. नव्या गाडीच्या बाजूला एक दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कर्नाटकचा रोड टॅक्स मात्र चढा आहे, म्हणून शोरूमची किंमत नव्हे, रस्त्यावर येईपर्यंतची किंमत विचारा.

आणि हेल्मेट दोघांसाठी घ्या. कर्नाटकात जानेवारी २०१६ पासून मागे बसणाऱ्यालाही ते सक्तीचं आहे.

शेवटी काय झालं

मी १२५ घेतली. हप्त्यावर, दोन वर्षांच्या. नंबर केए-०१ चा.

खरं अवघड होतं ते घरी सांगणं. भावाला वाटलं असतं मी त्याच्या कामाला नावं ठेवतेय, आईला वाटलं असतं तिची गाडी मी टाकून दिली. मी आधी फोनवर नुसतं गाडी जमत नाही एवढंच सांगितलं. आई म्हणाली, "खरं सांग, पडलीस का?" आयांना हे कसं कळतं कोण जाणे. मग मी सगळं सांगितलं, दप्तरासकट.

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग भावाने फोन घेतला. "ताई, ब्रेकचं माझ्या डोक्यातच आलं नाही गं," एवढंच म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझ्या तरी कुठे आलं होतं? दोन महिने मीच तर चालवत होते.

स्कूटी राणी चन्नम्मानेच परत गेली. भावाने मूळ मापाचा नवा ब्लॉक-पिस्टनचा सेट आणला. रोलर, जेट, बंद डब्यातला एअर फिल्टर, सगळं पूर्वीसारखं केलं. यावेळी उद्यमनगरात जाताना त्याने आरसी बुकही सोबत नेलं होतं. वर ब्रेक शू आणि दोन्ही टायर नवे टाकले, त्याच्या स्वतःच्या पहिल्या स्टायपेंडमधून.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आई मला घ्यायला स्टँडवर आली होती, स्कूटीवर. मी बॅग पायापाशी ठेवली आणि मागे बसले. काटा चाळीसच्या आसपास होता, गाडी जराशी थरथरत होती. राजारामपुरीच्या वळणावर एक म्हातारा रस्ता ओलांडायला उभा होता. आईने ब्रेक दाबला, गाडी थांबली, तो निवांत पलीकडे गेला. आईने मागे न बघताच विचारलं, "तुझी नवी गाडी कशी आहे?"

मी म्हटलं, "थांबते गं छान."